घोडा का अडला? : बीड परिसरातील घोडदळाचा गुडघ्याखालचा इतिहास

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? या तीन प्रश्नांचे एकच उत्तर मराठी घरात प्रत्येक पोराला पाठ असते: फिरवले नाही म्हणून. अकबर-बिरबलाच्या नावावर खपणाऱ्या या कोड्याकडे आपण शब्दांची गंमत म्हणून पाहतो. पण घोड्यापुरते ते कोडे अगदी शब्दशः खरे आहे. रात्रभर एकाच जागी बांधलेल्या घोड्याचे पाय सकाळी भरलेले दिसतात. खुरावरच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत नळी गोल, गुबगुबीत होते; बोट दाबले तर खड्डा राहतो. घोड्याला अर्धा तास फिरवले की पाय पुन्हा सडपातळ होतात. ज्याने हे कोडे प्रथम रचले, त्याने पागेतली सकाळ नक्की पाहिलेली असणार.

याचे कारण घोड्याच्या शरीररचनेत आहे. गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायात मांस जवळजवळ नसतेच. हाड, दोरखंडासारख्या शिरा म्हणजे स्नायुबंध, आणि वर कातडी, एवढाच ऐवज. माणसाच्या पोटरीचे स्नायू रक्त आणि लस वर ढकलतात. घोड्याला खालच्या पायात ही सोय नाही. त्याचे काम चालताना पडणारा दाब करतो. पाऊल टेकले की खुरातले रक्त वर रेटले जाते, पाऊल उचलले की नवे भरते. म्हणून उभा घोडा म्हणजे बंद पडलेली मोट. पाणी जिथल्या तिथे मुरते.

मराठ्यांचा इतिहास हा घोड्याच्या पाठीवरून लिहिला गेला, असे आपण अभिमानाने म्हणतो. तो खरोखरच पाठीवरून लिहिला गेला. म्हणजे खोगिराच्या वरचा भाग तेवढा लिहिला गेला. स्वार कोण, तलवार कुणाची, मजल किती, लूट किती, याच्या नोंदी मिळतात. गुडघ्याखालचा इतिहास मात्र कोरा आहे. या लेखात त्या कोऱ्या पानाकडे बीड जिल्ह्याच्या भूमीवरून पाहायचे आहे. त्यासाठी तीन ठिकाणे पुरेशी आहेत: गोदावरीकाठचे राक्षसभुवन, बालाघाटावरचे अंबाजोगाई आणि आजच्या वरातीतली घोडी.

राक्षसभुवनचा चिखल

गेवराई तालुक्यातले राक्षसभुवन हे गोदावरीच्या दक्षिण काठावरचे गाव. शनीच्या देवस्थानासाठी लोक तिथे जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच काठावर माधवराव पेशवे आणि निजामअली यांच्या फौजांची गाठ पडली. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, विशीही न गाठलेल्या पेशव्याने मिळवलेला हा विजय. निजाम स्वतः काही फौजेसह नदी ओलांडून उत्तरेला गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण काठावर होता. नदीला पूर होता. काठावरचे सैन्य कापले जात असताना निजामाला पलीकडून नुसते पाहत राहावे लागले. विठ्ठल सुंदर मारला गेला. वेढ्यात सापडलेल्या राघोबादादांना माधवरावांनी सोडवले, ही हकिगत शालेय पुस्तकापासून कादंबरीपर्यंत सर्वत्र आली आहे.

आता तोच प्रसंग गुडघ्याखालून पाहू. त्या वर्षीच्या आरंभापासून दोन्ही फौजा सतत चालत होत्या. निजामाने पुण्यावर चाल करून शहर लुटले आणि जाळले. मराठ्यांनी समोरासमोर न भिडता औरंगाबाद, वऱ्हाड आणि थेट हैदराबादच्या दिशेने मुलूख मारीत जाण्याचा डाव धरला. म्हणजे उन्हाळाभर घोड्यांच्या पायांखाली कडक, भेगाळलेली जमीन आणि बालाघाटाचा मुरूम. त्यानंतर पाऊस आला आणि तीच घोडी श्रावणाच्या तोंडावर गोदावरीकाठच्या काळ्या मातीत उतरली.

ही माती शेतकऱ्याला सोन्याची. घोड्याला मात्र ओल्या दिवसांत वैरीण. ती खुराला चिकटते, पाऊल उपसून काढावे लागते, आणि प्रत्येक उपसण्यात पायामागच्या शिरेला ओढ बसते. त्याहून वाईट म्हणजे ओल. भाताच्या खाचरात राबणाऱ्या माणसाच्या पायांना चिखल्या होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. घोड्यालाही तसेच होते. खुराच्या वरची, मागच्या बाजूची कातडी सतत ओली राहून मऊ पडते, भेगाळते. भेगेतून जंतू आत शिरतात. दोन-चार दिवसांत पाय खालपासून वर सुजत जातो. आता ही सूज थंड नसते. हात लावावा तर गरम, दाबावे तर घोडा पाय झटकतो. तो फिरवून उतरत नाही. राक्षसभुवनला किती घोडी अशा पायांनी उभी होती, हे कुठल्याही बखरीत नाही. पण महिनोन्‌महिने चालून पावसात नदीकाठी आलेल्या दोन्ही छावण्यांत ती नव्हती असे मानणे कठीण आहे. लढाईच्या दिवशी कोण हलू शकतो आणि कोण नाही, हे जितके सेनापतीच्या हुशारीवर ठरते तितकेच या भेगांवरही ठरते.

नालबंद, पखालजी आणि शिलेदाराची भीती

मराठ्यांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे लढणाऱ्या पंचवीस माणसांमागे पाणी आणि खूर यांसाठी दोन माणसे कायमची नेमलेली. कुठल्याही सैन्याच्या हिशेबात हे प्रमाण लहान नाही. मे १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याच्या ताकिदीसाठी आपण ते आठवतो; पण त्या पत्राचा गाभा घोड्यांच्या दाणावैरणीचा आहे. पावसाळाभर पुरेल अशा बेताने चंदी आणि गवत दिले नाही, आत्ताच उधळून टाकले, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी बसेल, असा त्याचा आशय आहे.

चंदीचा हिशेब हा केवळ काटकसरीचा विषय नव्हता. काम नसताना पूर्ण दाणा खाऊन नुसता उभा राहिलेला घोडा एखाद्या सकाळी एक मागचा पाय खांबासारखा सुजवून उभा राहतो, अंगात ताप असतो, जांघेजवळ दुखते. युरोपात ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी आणि दाणा मात्र नेहमीचाच, म्हणून तिकडे या दुखण्याला सोमवारच्या सकाळचा आजार असे नाव पडले. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी आणि फिरवणे चुकवायचे नाही, हा नियम जगातल्या प्रत्येक घोडदळाने आपापल्या परीने शोधून काढला. पावसाळी छावणी म्हणजे चार महिन्यांची सुट्टीच. तिथे चंदीवर नजर ठेवणारा राजा घोड्याच्या पोटाबरोबर पायही सांभाळत होता.

पण पागेतली सगळी घोडी सरकारची नव्हती. बारगीर सरकारी घोड्यावर बसे; शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीस येई. घोडे हेच त्याचे शेत, घोडे हीच त्याची पत. ते पडले की शिलेदार एका दिवसात पायदळ होई, किंवा दुसऱ्याच्या घोड्यावरचा बारगीर. म्हणून लढाईत शिलेदार आपले घोडे जपून घालतो, ही तक्रार मोगल आणि मराठा दोन्ही फौजांत होती. शिवाजी महाराजांनी शिलेदारांपेक्षा बारगिरांवर अधिक भिस्त ठेवली, यामागेही हे एक कारण दिसते. इथेच या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. सूज ओळखणे हा निम्मा भाग. ती उघड केल्यावर नुकसान कोणाचे होणार, यावर ती ओळखली जाईल की लपवली जाईल हे ठरते. हजिरीच्या दिवशी घोडा लंगडा ठरला तर पोटगी जाणार, हे ज्याला ठाऊक आहे तो भरलेल्या पायावर पट्टी बांधतो, पायाला चिखल फासतो, घोड्याला पाण्यातून काढून थेट उभे करतो. फसवणूक म्हणून आपण त्याला नावे ठेवू शकतो. पण ती फसवणूक त्याच्याकडून भीती करवून घेते.

शालिहोत्राचे वारस

घोड्याच्या दुखण्यांना आपल्याकडे फार जुने शास्त्र आहे. शालिहोत्र ऋषी हा त्याचा आद्य आचार्य मानला जातो. महाभारतात विराटाच्या घरी ग्रंथिक नाव घेऊन घोडी सांभाळणारा नकुल याच परंपरेतला. त्याच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे. जयदत्ताचे अश्ववैद्यक हे त्यातले मोठे पुस्तक. या ग्रंथांत सुजेला शोथ म्हणतात आणि माणसाप्रमाणेच वात, पित्त, कफ या दोषांवरून तिचे प्रकार पाडतात. दोषांची भाषा बाजूला ठेवली तरी पाहण्याची रीत आजही चुकीची वाटत नाही: सूज थंड की गरम, मऊ की कठीण, दुखरी की बधिर, दाबल्यावर खड्डा पडतो की नाही.

मुसलमानी अमदानीत याच विद्येची भाषांतरे फारसीत झाली आणि फरसनामे नावाचा ग्रंथप्रकार रुजला. दख्खनच्या सुलतानांना यात विशेष रस होता, कारण त्यांचे घोडे अरबस्तान आणि इराणमधून समुद्रमार्गे येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की दक्षिण हिंदुस्थानात दरवर्षी हजारो घोडी आयात होतात आणि त्यांतली बहुतेक वर्ष उलटण्याआधी मरतात, कारण त्यांची निगा राखणारे जाणकार तिथे नाहीत. आणि घोडी विकणारे व्यापारी मुद्दामच असे जाणकार तिकडे जाऊ देत नाहीत. घोडी मेली नाहीत तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक कुठून येणार? यात प्रवाशाची अतिशयोक्ती धरली तरी तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. अज्ञान टिकून राहण्यात कुणाचा तरी फायदा असतो.

शालिहोत्रावरूनच सालोत्री हा शब्द आला. गावोगाव फिरणारा, पागेत नोकरी करणारा, पिढीजात हातगुण असलेला घोडेवैद्य म्हणजे सालोत्री. पायाच्या फुगवट्यांसाठी या लोकांपाशी एकेक स्वतंत्र शब्द होता. मागच्या पायाच्या टोकदार सांध्यावर आलेले कठीण हाड म्हणजे हड्डा. त्याच सांध्यावरची पाणी भरल्यासारखी मऊ सूज म्हणजे मोतरा. पुढच्या नळीच्या आतल्या बाजूची हाडाची गाठ म्हणजे बेरहड्डी. खुराच्या वर कड्यासारखे वाढलेले हाड म्हणजे चकावळ. शहरी कानाला हे शब्द आता परके वाटतात. पण बाजारात घोडे घेणाऱ्याच्या खिशाला प्रत्येक शब्दाचा वेगळा अर्थ होता. तरण्या घोड्याची बेरहड्डी बसून जाते, दिसायला तेवढी वाईट. मोतरा असून घोडा वर्षानुवर्षे काम देतो. हड्डा आणि चकावळ मात्र त्याला कायमचे लंगडे करू शकतात. नुसते पाय सुजला म्हणणारा आणि मोतरा आहे, चालेल म्हणणारा, या दोघांच्या ज्ञानात शेकडो वर्षांचे अंतर आहे.

मोमिनाबादची छावणी

१८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण निजामाच्या खर्चाने चालणारी फौज पक्क्या स्वरूपात उभी राहिली. तिच्या घोडदळाची एक छावणी होती मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावाला योगेश्वरीच्या घंटेबरोबर रिसाल्याच्या बिगुलाचाही आवाज परिचित होता.

हे घोडदळ ज्या पद्धतीने चाले तिला इंग्रजांनी आपला मराठी शब्दच लावला होता: शिलेदारी. स्वार नोकरीस लागताना घोड्याची आणि सरंजामाची ठरावीक रक्कम भरी. त्या जागेला असामी म्हणत. मात्र जुन्या शिलेदारीत आणि या शिलेदारीत एक महत्त्वाचा फरक होता. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम चंदा म्हणून कापली जाई आणि घोडे मेले किंवा निकामी ठरले तर नवे घोडे घेण्यास त्या निधीतून मदत मिळे. एकट्याचे नुकसान पलटणीने वाटून घेण्याची ही सोय होती. आजच्या भाषेत पशुविमाच म्हणायचा. लंगडा घोडा लपवण्याचे निम्मे कारण या चंद्याने नाहीसे केले. नवी औषधे यायच्या आधीच पागेतल्या सुजा उजेडात यायला लागल्या असतील, तर त्याचे श्रेय या साध्या हिशेबाला द्यावे लागेल.

१९०३ साली कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले. त्याच्या एका रिसाल्याचे नाव झाले विसावे डेक्कन हॉर्स. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वुडजवळ, भाले सरसावून त्या रिसाल्याने केलेली चाल प्रसिद्ध आहे. यंत्रबंदुकांसमोर घोडदळाने केलेल्या अखेरच्या चालींपैकी ती एक. महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली आणि पुढे घोडेही गेले, रणगाडे आले. डेक्कन हॉर्स हे नाव मात्र भारतीय लष्करात आजही आहे, फक्त त्यात घोडा उरलेला नाही.

सूक्ष्मदर्शकाखालची सूज

याच काळात सुजेकडे पाहण्याची नजर बदलली. १८८० मध्ये पंजाबच्या सरहद्दीवर डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने सुर्रा या रोगाने झिजणाऱ्या घोड्यांचे आणि उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तपेशींमध्ये शेपटी हलवत वळवळणारे सूक्ष्म जीव त्याला दिसले. सुर्रा झालेल्या घोड्याला ताप येतो-जातो, खाऊनही तो वाळत जातो, आणि त्याचे पाय व पोटाखालचा भाग सुजतो. ही सूज थंड असते, दुखत नाही, सकाळच्या भरलेल्या पायासारखीच दिसते. फरक एवढाच की घोडा फिरवला तरी ती पुन्हा येते आणि दिवसेंदिवस वर चढते. हा जंतू चावणाऱ्या गोमाश्या एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, आणि गोमाश्यांचा सुकाळ असतो पावसाळ्यात व त्यानंतर. म्हणजे ज्या दिवसांत चिखलाने पाय सुजतात, त्याच दिवसांत सुर्राही येतो. जुन्या सालोत्र्याने या दोन्हींना एकच ओलीचे दुखणे मानले असेल तर त्याला दोष देता येत नाही.

इव्हान्सचा शोध पुढे नेणाऱ्यांत जे. एच. स्टील होते. ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांवर त्यांनी १८८५ मध्ये याच रोगाचा अभ्यास केला, आणि १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य तेच झाले. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. तिथले आल्फ्रेड लिंगार्ड यांनीही सुर्रावर काम केले. ही प्रयोगशाळा पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. जनावरांचा हा रोग माणसाला होत नाही, अशी समजूत शंभरावर वर्षे टिकली. ती मोडली महाराष्ट्रातच: २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला आणि उपचाराने तो बरा झाला.

दुसरा रोग याहून भयंकर. इंग्रजीत त्याला ग्लँडर्स म्हणतात आणि त्याच्या कातडीवरच्या रूपाला फार्सी. घोड्याच्या पायावर, विशेषतः मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, लसवाहिनीच्या रेषेवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी उठतात, फुटतात, त्यांतून चिकट पिवळसर पू वाहतो आणि सगळा पाय सुजतो. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. १८९९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यात तो विलीन झाला. रोग इतिहासजमा झाला असे वाटत असताना २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याने पुन्हा डोके वर काढले. याला उपचार करायचे नसतात. बाधित घोड्याला वेदनारहित मरण द्यावे लागते. भरपाईची तरतूद आहे. पण भरपाई हाती पडेपर्यंत घर कसे चालवायचे, हा प्रश्न घोडेवाल्याला पडतोच, आणि पायावरची ती माळ झुलीखाली झाकली जाते. शिलेदाराची जुनी भीती इथे नव्या रूपात उभी आहे. फक्त आता लपवलेल्या सुजेची किंमत घोड्याबरोबर मालकाच्या पोराबाळांनाही मोजावी लागू शकते.

डाग

मराठीत डाग हा शब्द घोड्याच्या बाबतीत दोनदा येतो. एक, हजिरीच्या वेळी घोडा ओळखता यावा म्हणून दिलेला सरकारी डाग. दुसरा, सुजलेल्या पायाला तापल्या लोखंडाने दिलेला. हा दुसरा डाग आपल्याकडे गावठी उपाय समजला जातो, पण तो केवळ आपला नाही. अरबस्तानापासून इंग्लंडपर्यंत सगळीकडे घोड्यांचे पाय डागले जात, आणि इंग्रज लष्करी पशुवैद्यांच्या पेटीतही डागण्या असत. नळीमागची शीर ओढली गेली, पाय धनुष्यासारखा फुगला, की तिच्यावर रेघा ओढायच्या. महिन्यांनी घोडा बरा होई आणि श्रेय डागणीला मिळे.

१९८३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांच्या शिरेच्या दुखापतींवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. डागण्याने शीर लवकर वा अधिक चांगली भरून येते याला त्यात आधार मिळाला नाही. वरची कातडी तेवढी जळून पातळ होत होती. मग घोडे बरे कशाने होत? विश्रांतीने. डागलेल्या पायाने घोड्याला कामाला लावता येत नसे, म्हणून मालकाला नाइलाजाने त्याला कित्येक महिने मोकळे सोडावे लागे. जी विश्रांती मालक सरळ मागितली असती तर दिली नसती, ती डाग त्याच्याकडून वसूल करी. दुर्दैव एवढेच की तिची किंमत घोडा आपल्या कातडीने भरत होता.

पाय कसा वाचावा

जुन्या जाणत्यांचे डोळे आणि नव्या शास्त्राचे कारण, दोन्ही एकत्र केले तर सुजलेल्या पायाला विचारायचे प्रश्न थोडेच उरतात.

पहिला प्रश्न: पाय किती? दोन्ही मागचे किंवा चारही पाय सारखे भरले असतील, घोडा खातपीत असेल, ताप नसेल, तर बहुधा उभे राहिल्याची सूज आहे. एकच पाय सुजला असेल तर तिथे काहीतरी घडले आहे: जखम, जंतू, ओढलेली शीर, खुरातला पू किंवा मोडलेले हाड. दुसरा प्रश्न: गरम की थंड? तळहातापेक्षा हाताची मागची बाजू फरक लवकर सांगते, आणि समोरचा पाय हाच मोजमापाचा गज. तिसरा: दाबल्यावर खड्डा पडतो की घोडा पाय ओढतो? चौथा: पायावर भार घेतो का? पाचवा: घोडा एकंदर कसा आहे? विश्रांतीत त्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस आणि नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ताप असेल तर सूज फक्त पायाची नाही, हे समजावे.

उत्तरावर उपाय ठरतो. थंड, सारख्या सुजेला हातात धरून फिरवणे, दाणा कमी करणे आणि मोकळी जागा देणे, एवढे पुरते. तीच सूज रोज येऊ लागली, घोडा वाळू लागला, पोटाखालीही भरू लागले, तर रक्त तपासायला द्यावे. जंत, सुर्रा किंवा आतल्या अवयवांचे दुखणे असू शकते. गरम, दुखऱ्या एका पायाला आधी खूर उचलून पाहावा: खिळा, काच, दगड. मग पंधरा-वीस मिनिटे थंड पाण्याची धार, दिवसातून दोन-चारदा, आणि पूर्ण विश्रांती. लंगडणाऱ्याला फिरवू नये. कोड्याचे उत्तर इथे लागू नाही. सांध्याजवळची जखम कितीही लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावी, कारण सांध्यात पू झाला की घोडा गेलाच. गाठींची माळ दिसली तर हातमोज्याशिवाय हात लावू नये, घोडा वेगळा बांधावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. आणि वेदनाशामक सुई देऊन त्याच संध्याकाळी घोड्याला कामावर नेऊ नये. दुखणे हीच त्या पायाची शेवटची राखण असते.

वरातीपुढची घोडी

आज बीड जिल्ह्यात घोडा दोन ठिकाणी दिसतो. एक, धनगरांच्या वाड्यांबरोबर: पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या, करडे घेऊन चालणारी लहान चणीची तट्टे. भीमथडी म्हणून ओळखली जाणारी ही दख्खनी जात. पेशव्यांच्या घोडदळाचा तो खरा कणा. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडेच तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. ही घोडी रोज चालतात, आणि त्यांचे पाय बहुधा कोरडे, सडपातळ असतात.

दुसरा घोडा नवरदेवाचा. लग्नसराई सोडली तर तो अरुंद जागेत, सिमेंटच्या फरशीवर, आखूड दोरीला उभा असतो. सराईत मात्र एका रात्रीत दोन-दोन वराती, डांबरी रस्त्यावर, ढोलाच्या तालावर मागच्या दोन पायांवर नाचवला जातो. चार महिने उभे आणि दोन महिने नाच. पावसाळी छावणी आणि मोहीम यांचा हाच जुना फेरा, फक्त मागे नालबंद नाही, पखालजी नाही आणि चंदाही नाही. त्याचा मालक हा आजचा शिलेदार. घोडी बसली तर सराई बुडाली, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याला दयेचे धडे देण्याआधी त्याच्या नुकसानीत वाटा उचलणारी काही सोय आपण केली आहे का, हे विचारायला हवे. मोमिनाबादच्या रिसाल्याला जे शतकापूर्वी सुचले होते, ते तालुक्याच्या घोडेवाल्यांच्या एखाद्या सहकारी निधीला अशक्य नाही.

बीडजवळ करजणीच्या माळावर एक घुमट आहे. महंमद तुघलकाचा पडलेला दात तिथे पुरला आणि त्यावर कबर बांधली, अशी परंपरा सांगते. सुलतानाच्या दाताला कबर मिळाली. राक्षसभुवनच्या चिखलात अडकलेल्या, मोमिनाबादच्या तबेल्यात डागलेल्या, वरातीपुढे नाचलेल्या पायांना साधी नोंदही मिळाली नाही. ती नोंद आता इतिहासकाराला करता येणार नाही. पण मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो, आणि घोडे घेणारा माणूस तोंड उघडून दात पाहतो. वय कळते म्हणून. नंतर तो खाली वाकतो, गुडघ्यापासून खुरापर्यंत नळीवरून हात फिरवतो आणि क्षणभर थांबतो. तो थांबतो तिथे मोतरा असेल किंवा बेरहड्डी. दोन्हींतला फरक त्याच्या बोटांना अजून ठाऊक आहे.